पुरावस्तूंच्या भांडारातील इंटर्नशिप : नव्या विद्यार्थ्यांसाठी

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला येणाऱ्या बहुतेकांना उत्खननाची ओढ असते. निघालेल्या वस्तू पुढे कुठे जातात, हा प्रश्न एखाद्या भांडारात इंटर्नशिप मिळाल्यावरच पडतो. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम उत्खनन केले. एवढ्या मोठ्या उत्खननातील खापरांचे वर्गीकरण आणि देखभाल खोदकाम थांबल्यावरही वर्षानुवर्षे चालते, आणि अशा कामाचा बराचसा भाग शिकाऊ विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो.

माझी सुरुवात खापरांवर क्रमांक घालण्यापासून झाली. नक्षी आणि तुटलेली कड सोडून आतल्या बाजूला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ लेप द्यायचा, तो वाळला की त्यावर बारीक टाकाने स्थळाचे संक्षिप्त नाव, ट्रेंच (खोदलेला चर), थर आणि नोंदक्रमांक लिहायचा आणि वरून पुन्हा लेप द्यायचा. त्यामुळे शाई खापरात मुरत नाही आणि गरज पडल्यास सगळे अ‍ॅसिटोनने काढता येते. काम कंटाळवाणे आहे, यात वाद नाही. परंतु लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली, ताम्रपाषाणयुगातील जोर्वे संस्कृतीची खापरे रोज हाताळल्यावर तोटीचा तुकडा कोणता आणि काठाचा कोणता, हे जसे नजरेत बसते तसे रेखाटने पाहून बसत नाही.

थराची नोंद हरवलेले खापर कितीही देखणे असले तरी अभ्यासाला फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून एका वेळी एकच पिशवी उघडावी आणि नवी चिठ्ठी लिहिल्यावरही जुनी फाटकी चिठ्ठी टाकू नये. वस्तू गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा आम्लयुक्त कागद बदलावाच लागतो, पण त्यावरची तारीख आधी टिपून घ्यावी. चिठ्ठीवरचे साल पुसले गेले असेल, तर हंगामाचा अंदाज बांधायला या तारखेचा आधार मिळतो.

धातूंच्या बाबतीत हातापेक्षा डोळे अधिक चालवावेत. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी खणात राहिली, तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लवाफांमुळे त्यांवर पांढरी भुकटी धरते. तांब्याच्या वस्तूवर फिकट हिरवे, भुसभुशीत ठिपके दिसले, की आतील क्लोराइड दमट हवेत सक्रिय झाल्याची शंका घ्यावी; पावसाळ्यात हे विशेष जाणवते. अशी वस्तू घासू नये. छायाचित्र घेऊन ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवावी आणि संवर्धकाला त्याच दिवशी कळवावे.

अर्ज विभागप्रमुखांच्या पत्रासह करावा आणि नोंदवहीत नोंदी करायला मिळतील की केवळ स्कॅनिंग, हे आधीच विचारावे. संग्रहाच्या संगणकीय नोंदींसाठी सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या पुणे केंद्राने तयार केलेली ‘जतन’ ही प्रणाली हाताळायला मिळाली तर उत्तमच. विद्यावेतन अनेक ठिकाणी नसते, तेव्हा त्याबद्दलही लेखी उत्तर घ्यावे. अप्रकाशित वस्तूंची छायाचित्रे मात्र परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत. त्या प्रथम प्रसिद्ध करण्याचा मान उत्खनन करणाऱ्यांचा असतो, आणि हा संकेत मोडणाऱ्या विद्यार्थ्याला भांडाराची किल्ली पुन्हा सहजासहजी मिळत नाही.