बीअरच्या बादलीचं बूड आधी बघा

घरी बीअर बनवायला प्लास्टिकची बादली चालते का, तर बिनधास्त चालते, फक्त फूड ग्रेड पाहिजे. बुडाला त्रिकोणात 2 असेल तर एचडीपीई, 5 म्हणजे पीपी, 1 म्हणजे पेट, तिन्ही चालतात पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, खाण्याच्या वस्तूंसाठी आहे का ते ग्लास-काट्याच्या खुणेवरून बघायचं. रंगाची किंवा केमिकलची रिकामी बादली कितीही घासली तरी नकोच, फुकट मिळाली तरी!

खरा घोळ ओरखड्यांचा असतो. तारेच्या घासणीने आतून बारीक चरे पडतात, त्यात जंतू दडून बसतात, सॅनिटायझर तिथवर नीट पोचत नाही आणि मग अख्खी बॅच आंबट. मऊ स्पंजच वापरा, मधूनमधून आतून नख फिरवून बघा, अडकलं की ती बादली कपडे भिजवायला.

आणि उकळता वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी ज्याची पुढे बीअर होते, पेटमध्ये ओतू नका, साधारण 70 अंशांच्या पुढे ते मऊ पडून वाकडं होतं. आधी गार करा, तसंही गरम वर्टमध्ये यीस्ट मरतंच.