साइट इंजिनिअरचा प्रोजेक्ट मॅनेजर होताना या चुका टाळा

लातूर, नांदेड, बीड, संभाजीनगरकडची सिव्हिल झालेली मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला कोणता कोर्स करू?" कोर्सचं शेवटी सांगतो. वीस वर्षं साइटवर काढल्यावर मला दिसलं ते असं: हुशार पोरं दोनच गोष्टींत अडकतात. झालेलं काम ती कागदावर घेत नाहीत आणि येणारं काम आधी बघत नाहीत. बाकीच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

"करा तुम्ही, बिलात बघू"

ही चूक मी स्वतः केली आहे. बीड जिल्ह्यात एका गोदामाचं काम होतं. ड्रॉइंगमध्ये पाया दीड मीटर खोल दाखवला होता. खोदलं तर अडीच मीटरपर्यंत काळी मातीच. मालकाचे इंजिनिअर खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "खोदा, मुरूम भरून घ्या, बिलात बघू." मी खोदलं, भरलं, दाबलं. सहा महिन्यांनी बिल लावलं, तोवर ते इंजिनिअर बदलून गेले होते. नव्या माणसाने विचारलं, "लेखी आदेश कुठे आहे?" मुरमाखाली गेलेली खोली पुन्हा मोजता येत नाही. सगळी रक्कम कापली गेली.

आपल्याकडे हा प्रसंग कधीतरी येणारच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर भिंतींना तडे जातात, म्हणून पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावंच लागतं. त्यामुळे जादा खोदाईची शक्यता पहिल्या दिवसापासून धरून चला. मुरूम टाकण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून लेव्हल घ्यायची म्हणजे खोली मोजायची, खड्ड्यात स्टाफ (मोजमापाच्या खुणांची उभी पट्टी) धरून फोटो काढायचे आणि लेव्हल शीटवर सही घ्यायची. त्याच संध्याकाळी मेल करायचा: आज अमुक ठिकाणी तुमच्या सूचनेवरून जादा खोदाई सुरू केली, मोजमाप सोबत जोडलं आहे.

वेळ निघून गेली असेल तरी हातपाय गाळू नका. हायवा डंपरने आणलेल्या मुरमाच्या पावत्या, गेटचं रजिस्टर, पोकलेनचे तास, मोबाइलमधले तारखेचे फोटो एकत्र करा आणि उशिरा का होईना, पत्र द्या. पूर्ण रक्कम मिळेल असं नाही, पण बोलणी सुरू होतात.

"माझं इंग्रजी कच्चं आहे" म्हणून बरीच मुलं पत्रच लिहीत नाहीत. मराठी शाळेतून आलेल्या पोरांची ही भीती मला फार जवळून माहीत आहे. पत्रात चार गोष्टी लागतात: काय झालं, कुठे आणि कधी झालं, त्यामुळे किती दिवस किंवा किती खर्च वाढतो, आणि समोरच्याकडून कोणत्या तारखेपर्यंत काय हवं. साध्या वाक्यांत लिहिलेलं असं पत्र अलंकारिक पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दिनदर्शिका न बघता केलेला बार चार्ट

बार चार्ट म्हणजे कोणतं काम कधी, याचं वेळापत्रक. ते बनवायचं एमएस प्रोजेक्ट किंवा प्रायमावेरा सॉफ्टवेअर शिकायला महिनाभर पुरतो. पण त्यात भरलेले दिवस खोटे असतील तर चार्ट कितीही सुबक असो, तो उपयोगाचा नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका साइटवर नवख्या इंजिनिअरने स्लॅबची तारीख ठरवली. काँक्रीटचा पंप सांगितला, आरएमसी (प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट) बुक झाली. आदल्या संध्याकाळी मुकादम म्हणाले, "साहेब, उद्या येळवस हाय. कोण येतंय कामाला?" येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे गावंच्या गावं शेतात असतात, भज्जी आणि आंबिलाच्या पंगती बसलेल्या असतात. स्लॅब पुढे गेला, पंपाचं भाडं अंगावर बसलं.

दर अमावस्येला मजुरांच्या अनेक टोळ्या काम बंद ठेवतात. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतर माणसं थांबत नाहीत, कारण पगार हातात येतो आणि आठवड्याचा किराणा भरायचा असतो. बिहारची टोळी असेल तर छठला गावी जाणार. आणि सगळ्यात मोठा खड्डा ऊसतोडीचा: दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाऊस संपून काम वेगात यायच्या नेमक्या त्याच दिवसांत मजूर कमी होतात. म्हणून सप्टेंबरमध्येच मुकादमाशी बसा आणि कोण राहणार, कोण जाणार याची यादी करा.

पाण्याचंही तसंच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे विसरू नका. मे महिन्यात स्लॅब धरलात तर टँकरची सोय त्याच चार्टमध्ये दिसली पाहिजे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, कडक उन्हात काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवायचं असतं. ओतकाम पहाटे किंवा संध्याकाळनंतर घ्या आणि गोणपाट आधीच आणून ठेवा.

चार्ट मागे पडला तर गुपचूप नव्या तारखा टाकू नका. जुना तसाच ठेवा, शेजारी नवा करा, उशिराचं कारण लिहा आणि दोन्ही मालकाला दाखवा.

घाईत काढलेलं सेंट्रिंग आणि लपवलेला क्यूब

वरून दट्ट्या आला की सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) प्लेटा पुढच्या स्लॅबला हव्या असतात. साध्या ओपीसी सिमेंटसाठी आयएस ४५६ मधल्या मुदती अशा: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१ दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर याहून जास्त. कोणी कितीही रागावलं तरी इथे मागे हटू नका. प्लेटांचा आणखी एक संच भाड्याने घेणं परवडतं.

क्यूब म्हणजे ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा. २८ दिवसांच्या क्यूबची ताकद कमी आली तर रिपोर्ट दाबून ठेवणारे मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका. त्याच दिवशी स्ट्रक्चरल कन्सल्टंटला कळवा आणि त्या भागावर पुढचा भार थांबवा. हॅमर टेस्ट (ठोका देऊन ताकदीचा अंदाज) करा, गरज पडली तर कोअर (झालेल्या कामातून कापलेला काँक्रीटचा गोल नमुना) काढा. तीन कोअरची सरासरी त्या ग्रेडच्या क्यूब ताकदीच्या ८५ टक्के आली आणि एकही ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारता येतं. म्हणजे खरं सांगून वाट निघते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं कोसळलेल्या घरांखाली गेली. त्या मातीत काम करताना आपल्या हातून खोटा रिपोर्ट जाता कामा नये.

दर आठ महिन्यांनी नवी नोकरी

दोन-तीन हजार जास्त मिळाले की पुण्याला उडी, तिथून पुन्हा दुसरीकडे. घरची ओढाताण मला कळते, पण अशाने पाच वर्षांत कुणी नुसती खोदाई पाहतो, कुणी नुसतं प्लॅस्टर. एक तरी काम, लहान का असेना, लाइनआउटपासून (जमिनीवरच्या आखणीपासून) हस्तांतरापर्यंत करा. शेवटच्या दोन महिन्यांतली गळती, दुरुस्त्या आणि अंतिम बिल जो निस्तरतो, त्याच्यावर पुढचं अख्खं काम सोपवलं जातं.

आता कोर्स. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला चार वर्षांची पदवी असली तरी प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव मागतात, म्हणून कॉलेज सुटल्या सुटल्या तिच्या क्लासला पैसे भरू नका. आधी रोजचा प्रगती अहवाल, मोजमाप, बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) पक्कं करा. जालन्याहून सळईची गाडी आली की वजनकाट्याची पावती आणि व्यासाचा (मिमीमध्ये) वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन, हे गणित जुळवून बघायची सवय लावा.

मुलाखतीला जाताना एका स्लॅबची फाइल तयार ठेवा: चार्ट, पोर कार्ड (ओतकामाची तपासणी नोंद), क्यूबचे निकाल, मजुरांची हजेरी, एकूण खर्च. कंपनीचे कागद बाहेर नेऊ नका. आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घ्या, मालकाचं नाव गाळून. कामाला किती दिवस जास्त लागले आणि का, हे त्या वहीवर बोट ठेवून सांगता यायला हवं.