पहिली एअर रायफल हातात घेण्याआधी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून ओळखीतले बरेच पालक मला विचारतात, "रायफल केवढ्याला पडते?" मी सात वर्षं १० मीटर एअर रायफल खेळतेय. किंमत नंतर विचारा, त्याआधी एक प्रसंग सांगते.

माझं दुसरं वर्ष होतं. संध्याकाळचा सराव संपला, सरांनी "स्टॉप, अनलोड" पुकारलं. मी छर्रा भरायची लिव्हर उघडली आणि सेफ्टी फ्लॅग घातला. ही भडक रंगाची दोरी असते, नळीपेक्षा लांब. मागून घातली की तिचं टोक नळीच्या तोंडातून बाहेर दिसलं पाहिजे. माझं दिसेना. दोरी दुमडली असेल म्हणून मी रेटू लागले, तेवढ्यात सरांनी हात धरला. नळीत छर्रा होता. "स्टॉप" ऐकू आलं त्याच्या क्षणभर आधी मी तो भरला होता आणि साफ विसरले होते. रायफल रिकामी आहे, असं मी शपथेवर सांगितलं असतं. सरांच्या देखरेखीखाली तो टार्गेटवर झाडून नळी मोकळी केली. त्या रात्री मला झोप लागली नाही. फ्लॅग न घालता रायफल तिच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, ठेवली असती, तर घरी ती कुणाच्या हाती लागली असती?

तेव्हापासून "रिकामी आहे" हे मी कुणाच्याही तोंडून मानत नाही, स्वतःच्याही नाही. रायफल देताना लिव्हर उघडी, फ्लॅग आत. घेणाऱ्यानं पुन्हा बघायचं, देणारा कितीही मोठा खेळाडू असो. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. कुणी फायरिंग लाइनच्या (जिथून नेम धरतात त्या रेघेच्या) पुढे गेलं असेल, तर रायफलला हातसुद्धा लावायचा नाही.

४.५ मिमी नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. तिच्या छर्र्यानं डोळा जातो. पॉइंट टू टूला (.२२ ची, खरी गोळी झाडणारी रायफल) मात्र परवाना हवाच. ते पुढचं पाऊल, घाई करू नका.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका. लहान मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. रायफल दाबाखालच्या हवेवर चालते; त्या हवेच्या सिलिंडरवर बनवल्याची किंवा मुदतीची तारीख कोरलेली असते, ती वाचा. जुना सिलिंडर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, आत दोनशे बारच्या आसपास दाब असतो. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका.

पावसाळ्यात केसमधला फोम ओल धरतो आणि नळीला गंज चढतो. घरी आल्यावर मी रायफल कोरड्या फडक्यानं पुसते, खोलीचं दार लावून केस तासभर उघडी ठेवते आणि तेवढा वेळ तिथून हलत नाही. मग ओल शोषणारी सिलिकाची पुडी टाकून कुलूप. छर्रे दुसऱ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. किल्ल्या माझ्याकडे आणि बाबांकडे.

गणपतीत पाहुण्यांची मुलं "ताई, बंदूक दाखव ना" म्हणून मागे लागतात. त्यांना मी रेंजवर घेऊन जाते. घरी केस उघडत नाही.