मोहोर की पालवी: इंदूरच्या बागेत वसंताची पहिली लक्षणे कशी टिपावीत

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी इंदूरच्या घरगुती बागेत तो पौष-माघातच कामाला लागलेला असतो. तो पाहायचा असेल, तर कोकिळेच्या हाकेची वाट पाहत बसू नये, कारण कोकिळ बोलू लागतो तोवर आंब्याच्या डहाळ्यांनी यंदा फुलायचे की नुसती पाने काढायची हे केव्हाच ठरवलेले असते. एक वही, दहापट मोठे दाखवणारे भिंग, कमाल-किमान तापमापक आणि रंगीत लोकरीचे तुकडे एवढे साहित्य पुरते.

कोणती झाडे पाहावीत

आंबा, कडुनिंब, शेवगा, लिंबू, मोगरा आणि कढीपत्ता. कडुनिंब अंगणात नसला, तर कुंपणाबाहेरचा रस्त्यावरचाही चालतो. गुलाब, जास्वंद आणि हिवाळी फुलांचे वाफे या नोंदीतून सरळ वगळावेत. गुलाबाची ऑक्टोबरात छाटणी झालेली असते आणि त्याला पुढे जी फूट येते ती कात्रीमुळे येते, ऋतूमुळे नव्हे. यंदाच रोपवाटिकेतून आणलेले झाडही सोडून द्यावे, कारण तिथल्या सावलीचे आणि खतपाण्याचे वेळापत्रक ते बरेच दिवस अंगात बाळगून असते. गच्चीवर दक्षिणेच्या कठड्याला टेकवलेली कुंडी तापलेल्या भिंतीमुळे लवकर फुलते, तिची नोंद जमिनीतल्या झाडांच्या नोंदीत मिसळू नये.

डहाळ्या खुणावणे

प्रत्येक झाडाच्या चारही दिशांना हाताशी येणाऱ्या डहाळ्या निवडून त्यांना लोकर सैल बांधावी आणि पुढे त्याच डहाळ्या पाहाव्यात. आंबा एका अंगाने मोहोरतो आणि दुसऱ्या अंगाने तसाच राहतो, हे वारंवार घडते. म्हणून चारही दिशा हव्यातच.

तारीख कोणती लिहावी

इंग्रजी तारीख लिहावी. तिथी हवी असल्यास शेजारी लिहावी, पण हिशेब तिच्यावर करू नये. वसंत पंचमी 2024 मध्ये 14 फेब्रुवारीला आली आणि 2026 मध्ये 23 जानेवारीला. या तीन आठवड्यांच्या फरकाशी झाडाला काहीही देणेघेणे नसते. शिवाय आपल्या मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो आणि शेजारच्या माळवी घरांत पौर्णिमेला, त्यामुळे होळीनंतरचा जो पंधरवडा आपण फाल्गुन वद्य म्हणून लिहितो तोच त्यांच्याकडे चैत्र कृष्ण पक्ष असतो, आणि कुंपणावरून एकमेकांच्या बागेची माहिती घेताना महिन्याचा घोळ होतो.

आंब्याचा डोळा वाचणे

खरी कसोटी इथे आहे, आणि मला सर्वाधिक वेळ याच टप्प्याने घ्यायला लावला. डिसेंबरच्या अखेरीस डहाळीच्या शेंड्यावरचा डोळा, म्हणजे पुढची फूट जिथून निघते तो मिटलेला कोंब, लहान, टोकदार आणि खवल्यांनी गच्च मिटलेला असतो. जानेवारीत तो फुगू लागतो आणि लगेच घरोघरी ‘मोहोर आला’ अशी बातमी पसरते. या बातमीवर विश्वास ठेवू नये. पालवीचा डोळाही फुगतो, मोहोराचाही फुगतो, आणि पहिले आठ-दहा दिवस दोन्ही इतके सारखे दिसतात, की अनुभवी माळ्यानेही ठामपणे बोलू नये.

आधी डहाळीचे वय पाहावे. आंब्याला मोहोर धरण्यासाठी डहाळी पुरेशी जून झालेली असावी लागते आणि त्यानंतर तिला थंड रात्री मिळाव्या लागतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे थंडीची इथे सहसा वानवा नसते; वानवा असते ती जून डहाळ्यांची. दिवाळीनंतर नत्रयुक्त खत आणि भरपूर पाणी देऊन जी कोवळी फूट काढली जाते, ती थंडी येईपर्यंत कोवळीच राहते आणि पुढे बहुधा पानेच देते. ज्या डहाळीची शेवटची पाने गडद हिरवी, जाड आणि वाकवल्यावर कडक लागणारी असतील, तिच्याकडून मोहोराची अपेक्षा धरावी. मागच्या उन्हाळ्यात जिने फळ वाहिले, तिच्याकडून कमी धरावी.

त्यानंतर डोळा पाहावा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ऊन डहाळीच्या पाठीमागून येईल असे उभे राहून, हात न लावता, भिंग आपल्या डोळ्याशी धरून डहाळीजवळ जावे. पालवीचा डोळा वाढताना सडपातळ आणि टोकदार राहतो. त्याचे खवले लांबू लागतात आणि त्यांच्या आड तांबूस, घडी घातलेली इवलीशी पाने दिसतात. मोहोराचा डोळा जाडसर व बोथट असतो, आणि तो जरा लांबला की प्रत्येक खवल्याच्या बगलेत मोहरीपेक्षाही लहान असा उंचवटा दिसतो. हे उंचवटे म्हणजे मोहोराच्या पुढच्या फांद्या. ते दिसले की शंका संपली. ते दिसेपर्यंत वहीत फक्त ‘डोळा फुगला’ एवढेच लिहावे. रंगावरून निवाडा करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण काही जातींचा कोवळा मोहोर पालवीइतकाच लालसर असतो.

नखाने खवले सोलून आत पाहण्याचा सल्ला तर घातक आहे. सोललेला डोळा वाळतो, आणि ज्या डहाळीचे निरीक्षण करायचे तीच त्या वर्षापुरती बाद होते. धीर धरवत नसेल, तर खूण न केलेली दुसरी डहाळी पाहावी, पण हात लावू नये.

मावठा झाला तर अधिक सावध राहावे. जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन दिवस ढगाळ हवा आणि पाऊस झाला, की त्यानंतर आलेली फूट मोहोराऐवजी पालवीची असू शकते, आणि एकाच डोळ्यातून पाने आणि मोहोर दोन्ही निघण्याचे प्रकारही दिसतात. अशा डोळ्याला ‘मिश्र’ लिहावे. त्याला कोणत्याही एका रकान्यात ढकलू नये. याच हवेत मोहोरावर भुरी हा बुरशीचा रोग येतो. कोवळ्या मोहोरावर मुळातच बारीक लव असते, तिला भुरी समजून फवारणीला धावू नये: लव बोटाला लागत नाही, भुरीची पांढरी पूड लागते. ही परीक्षाही बिनखुणेच्या डहाळीवरच करावी. फुले उमलल्यावर कीटकनाशक फवारू नये, कारण आंब्याचे परागीभवन बरेचसे माश्यांवर अवलंबून असते.

मोहोर आखूड, जाड, गच्च आणि गडद हिरवा राहिला, आजूबाजूचा मोहोर झडून गेला तरी हा तसाच टिकला, तर तो भरघोस मोहोर नसून गुच्छा रोग आहे. त्याला फळ धरत नाही. खालच्या निरोगी भागाची वीतभर लांबी घेऊन तो कापावा आणि जाळून टाकावा. शेजाऱ्यांनी कितीही कौतुक केले, तरी तो ठेवू नये.

पानगळ: ऋतूची की तहानेची

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पाने टाकतो. ऋतूची पानगळ असेल, तर पान पिवळे पडून स्वच्छ सुटते आणि जिथून सुटले तिथला डोळा हिरवा व फुगीर असतो. तहानेने वाळणारे पान कडेपासून करपते आणि पुष्कळदा फांदीला लोंबत राहते. पाने गेल्यावर झाडाचा पाण्याचा खर्च घटतो, फांद्यांत ओल भरते आणि पाऊस महिनोन्‌महिने दूर असतानाही तांबूस पालवी फुटते. म्हणून इथली काळी माती वरून भेगाळलेली दिसली, तरी मोठ्या कडुनिंबाला घाईने पाणी द्यायची गरज नसते. गळलेला पाला जाळू नये. ज्या शहरात 1924 साली स्थापन झालेल्या संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेलेले कंपोस्ट सिद्ध केले, त्या शहरात पाल्याचा धूर होणे मला सहन होत नाही.

बाकीची झाडे आणि पक्षी

शेवगा पाने झाडून पांढऱ्या फुलांवर येतो. लिंबूच्या झाडाला कळ्या दिसल्या, की पाणी तोडून दिलेला ताण संपवून हलके पाणी सुरू करावे. कढीपत्त्याचे थांबलेले शेंडे हलतात आणि मोगऱ्याच्या पेरांवर पोपटी फूट दिसते.

पक्ष्यांमध्ये शिंजिराचा, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याचा, नर सर्वांत उपयोगी. हिवाळ्यात त्याची छाती पिवळसर असते आणि तिच्या मधोमध एक काळा पट्टा असतो. विणीचा हंगाम जवळ आला, की तो पट्टा पसरत जाऊन सगळा पक्षी चकाकता जांभळा-काळा होतो. पट्टा किती पसरला हे आठवड्याला लिहिता येते, म्हणून कोकिळेपेक्षा मी याला अधिक महत्त्व देतो. तांबटाची टुकटुक हिवाळ्यातही अधूनमधून ऐकू येते. ती सलग आणि रोज ऐकू यायला लागल्यावरच लिहावी.

नोंद कशी लिहावी

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. प्रत्येक खुणेच्या डहाळीसमोर ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘पुष्कळ’ यांपैकी एक शब्द, आणि बाजूला त्या आठवड्यातले रात्रीचे सर्वांत कमी तापमान. छाटणी, खत आणि पाणी दिल्याची तारीख त्याच पानावर हवी, नाहीतर पुढच्या वर्षी आपण दिलेल्या खताचा परिणाम ऋतूच्या खात्यावर जमा होतो. मोहोराच्या फांद्या दिसल्यापासून फुले उमलेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. त्या काळात खाडा करू नये. मार्चमध्ये दुपारचा पारा 35 अंशांच्या घरात जातो आणि कडुनिंबाला फुले येऊ लागतात. त्या फुलांची तारीख लिहून खुणेच्या लोकरी सोडवून घ्याव्यात, कारण पुढे जाड होणाऱ्या डहाळीला त्या काचतात.