मृत्युपत्राचे प्रकार आणि त्यातून आपल्याला योग्य तो कसा निवडावा

माझ्या मावशीने शंभर पानी वहीत, सुवाच्य अक्षरात, चार पाटल्या, एक मोहनमाळ आणि दोन खोल्यांचे घर कोणाला द्यायचे ते लिहून ठेवले होते. खाली तारीख होती, सही होती. नव्हत्या त्या फक्त दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यामुळे ते लिखाण मृत्युपत्र ठरले नाही आणि जिने अखेरची वर्षे तिचे सगळे केले, त्या, कायद्याने वारस नसलेल्या, मुलीच्या हाती काहीच आले नाही. म्हणून प्रकारांची नावे पाहण्याआधी ही अट मनात पक्की करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार मृत्युपत्र करणाऱ्याने त्यावर सही किंवा अंगठा करावा लागतो आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्या लागतात. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही; मात्र प्रत्येकाने त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. आपल्यापैकी बहुतेकांनी करायचे ते हे साधे मृत्युपत्र. ते स्वतःच्या हाताने लिहिले किंवा टंकलिखित करून घेतले तरी चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि साधा कागद पुरतो. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे निवडावेत, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात उभे राहून सांगावे लागते. ख्रिस्ती व पारशी कुटुंबांत तर साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगीच रद्द ठरते.

नोंदणीकृत मृत्युपत्र हा खरे तर वेगळा प्रकार नव्हे, तर त्याच मृत्युपत्राची दुय्यम निबंधकांकडे केलेली नोंद असते. नोंदणी सक्तीची नाही. तरीही घरात कुरबुर असेल तर ती करावी, कारण कागद गहाळ होण्याची किंवा बदलला जाण्याची भीती उरत नाही. मात्र नोंदणी केली म्हणजे ते अंतिम झाले, हा समज चुकीचा आहे. नंतर केलेले, नोंदणी नसलेले पण वैध मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला मागे सारते. मजकूर कोणाला कळूच द्यायचा नसेल, तर सीलबंद पाकिटात मृत्युपत्र निबंधकांकडे ठेव म्हणून देण्याची सोय नोंदणी अधिनियम, 1908 मध्ये आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते.

नवरा-बायकोला एकत्र मिळून करावेसे वाटते ते संयुक्त मृत्युपत्र. मी तसा सल्ला देत नाही. एकाच्या पश्चात दुसऱ्याला त्यात बदल करता येतो की नाही, यावरच पुढे खटले उभे राहतात, त्यामुळे दोघांनी दोन स्वतंत्र कागद करणे श्रेयस्कर. पत्नीला राहत्या घरात हयातीपुरता हक्क आणि तिच्यानंतर घर मुलांना, अशी योजना करायची असेल, तर ‘विकण्याचा अधिकार राहील’ किंवा ‘राहणार नाही’ हे स्पष्ट शब्दांत लिहावे. शेतजमिनीबाबत ‘माझी सर्व शेती’ असे मोघम न लिहिता गाव, गट क्रमांक व क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसेच उतरवावे, म्हणजे फेरफाराच्या वेळी अडत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत हिंदू व्यक्तीला फक्त आपल्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते. किरकोळ बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र पुरते, पण त्यालाही दोन साक्षीदार हवेतच. बदल मोठे असतील तर ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ असे लिहून नवेच करावे.

प्रत्यक्ष युद्धात असलेले सैनिक व वायुसैनिक आणि समुद्रावर असलेले खलाशी यांना दोन साक्षीदारांसमोर तोंडी मृत्युपत्र करण्याची सवलत 1925 च्या उत्तराधिकार अधिनियमातच आहे. मात्र हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना ती लागू नाही. मुस्लिम कायद्यात वसीयत तोंडीही चालते, पण अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक देण्यास वारसांची संमती लागते.

गोव्यात घर किंवा बागायत असणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. तेथील 2012 च्या उत्तराधिकार कायद्यात विशेष नोटरीने आपल्या नोंदवहीत लिहिलेले सार्वजनिक मृत्युपत्र आणि स्वतः लिहून त्याच्याकडून मंजूर करून घेतलेले बंद मृत्युपत्र असे प्रकार आहेत, आणि मुले हयात असताना सर्वसाधारणपणे आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच हिश्श्याची विल्हेवाट आपल्या मर्जीने लावता येते.

अलीकडे ‘लिव्हिंग विल’ हा शब्द फार ऐकू येतो. त्याचा मालमत्तेशी काहीही संबंध नाही. शुद्ध हरपल्यावर कृत्रिम उपचार किती चालू ठेवायचे याची ती आगाऊ सूचना असून, तिला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. ती दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर स्वतंत्रपणे करावी.

मूळ प्रत मात्र केवळ स्वतःच्या नावावरील बँक लॉकरमध्ये ठेवू नये. तो लॉकर उघडण्यासाठीच आधी ती प्रत मागितली जाण्याची शक्यता असते.