मृत्युपत्रांवरून इंग्लंडच्या खेड्यातले धंदे कसे मोजावे

इंग्लंडच्या खेड्यांत पुरुषांचे धंदे कसे बदलत गेले, हे शोधणारे बहुतेक जण जनगणनेपासून सुरुवात करतात आणि १८४१ ला अडकतात. त्याआधीच्या जनगणनेत देशभराची नावनिशीवार धंद्यांची नोंदच नाही. दोनशे-अडीचशे वर्षं मागे जायचं तर प्रोबेटचे, म्हणजे माणूस मेल्यावर त्याचं मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घेतानाचे, कागद हवेत. मृत्युपत्रात नावापुढे बहुधा धंदा लिहिलेला असतो. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे आणि विधवांपुढे नुसतं ‘विधवा’ लिहीत, म्हणून ही मोजणी पुरुषांचीच होते.

जिल्हा निवडताना ग्लॉस्टरशर घ्या. तिथल्या स्ट्राउड खोऱ्यात लोकरी कापडाचा मोठा धंदा होता. इंग्रज शिपायांच्या लाल डगल्यांचं कापड तिथलंच, आणि ईस्ट इंडिया कंपनीही तिथल्या मालाची गिऱ्हाईक होती. दुसरं कारण पुढे येईल.

१२ जानेवारी १८५८ पर्यंत प्रोबेट चर्चच्या कोर्टात होई. स्थानिक कागद ग्लॉस्टरशरच्या अभिलेखागारात आहेत. तेवढ्यावर थांबू नका. बड्या लोकांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या कोर्टात जात, ती आता लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात. ती सोडली तर सूत देऊन कापड विणवून घेणारे बडे व्यापारी तुमच्या यादीतून गायब होतील.

मृत्युपत्रांच्या सूचीतून नाव, गाव, वर्ष, धंदा उतरवा. पंचवीस-पंचवीस वर्षांचे गट पाडा. शेती, कारागिरी आणि सेवा-व्यापार अशा तीन रकान्यांत वाटणी करा. जुनं वळणदार अक्षर आठवडाभरात डोळ्यांत बसतं, त्याचा बाऊ नको.

सूचीत धंदा नसेल तर मालमत्तेची यादी पाहा. शेजारीपाजारी मेलेल्याच्या घरात फिरून माग, गुरं, धान्य, लोकर यांची किंमत लावत. यादीत जमीन नसते, हे लक्षात ठेवा. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर अशा याद्या झपाट्यानं कमी होतात.

इथे एक ठरलेला सल्ला मिळतो: शेतकऱ्याच्या घरात माग, विणकराच्या गोठ्यात गाय, म्हणजे प्रत्येक जण दोन धंदे करत होता. मला तो पटत नाही. यादी होई ती चार पैसे असलेल्यांची, आणि ज्याच्या घरात जास्त वस्तू त्याच्या घरात जास्त धंदे ‘सापडणारच’. चरखा तर बहुधा बायको चालवी. माणूस एक, धंदा एक, आणि तोही त्याच्या नावापुढे लिहिलेला.

आता खरी अडचण. नुसती बेरीज करून टक्केवारी काढली की खेड्यात शेतकरी उदंड आणि मजूर बोटांवर मोजण्याइतके निघतात. हे साफ खोटं चित्र आहे. मजुराकडे मागे ठेवायला काही नसे, म्हणून त्याचं मृत्युपत्रही नसे. मी इथे फार काळ अडखळलो. ‘प्रोबेटमध्ये गरीब कमी असतात’ एवढी तळटीप टाकून लोक तीच टक्केवारी पुढे छापतात. त्यांच्या मार्गानं जाऊ नका, दुरुस्ती करता येते.

१८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नोंदवहीत बापाचा धंदा लिहावा लागे, मग तो गरीब असो की श्रीमंत. समजा १८१३-२० मध्ये काही गावं मिळून तिथे ४०० मजूर आणि १०० शेतकरी दिसले, आणि त्याच गावांत त्याच काळात मजुरांची मृत्युपत्रं २० तर शेतकऱ्यांची ५० मिळाली. म्हणजे मजुराच्या एका मृत्युपत्रामागे २० माणसं, शेतकऱ्याच्या एकामागे २; हेच गुणक. आता १६६०-८५ चा गट घ्या: शेतकऱ्यांची ३० मृत्युपत्रं, मजुरांची ३. गुणले की दोन्हीकडे ६०. दहास एक असलेलं प्रमाण बरोबरीवर आलं! एकाच गावावर हा हिशेब करू नका, आकडे इतके लहान येतात की एका मृत्युपत्रानं सगळं उलटतं.

गुणक दीडशे वर्षं मागे जसाच्या तसा चालेल का, ही शंका रास्त आहे. ग्लॉस्टरशरचं दुसरं कारण ते हेच: १६०८ मध्ये तिथे लष्करी कामासाठी धडधाकट पुरुषांची गावोगाव यादी झाली, धंद्यांसकट, नोकर-मजूर धरून. तुमचा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा दुरुस्त आकडा तिच्याशी ताडून पाहा. जमत नसेल तर गुणक बदला, यादीला दोष देऊ नका. ताडताना दोन गोष्टी सांभाळा. मृत्युपत्र करणारा बहुधा उतारवयातला, त्यानं धंदा धरला तो वीस-तीस वर्षांपूर्वी, त्यामुळे बदल प्रोबेटमध्ये उशिरा उमटतो. दुसरं, स्ट्राउडजवळच्या नेल्सवर्थकडे बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती पुष्कळ होते आणि ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नसत. तिथे चर्चच्या वहीत विणकर कमी भरतील आणि गुणक चुकेल, म्हणून ती गावं मी हिशेबातून वगळतो.

एवढं केल्यावर कारागिरांचा रकाना गिरण्या येण्याच्या बराच आधी, सतराव्या शतकातच फुगलेला दिसला तर दचकू नका. केंब्रिजच्या अभ्यासकांनी देशभराचा हिशेब केला, त्यांनाही तेच आढळलं.