स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्या गाडीने, मुक्काम तंबूत: सहल कशी आखावी

व्हिस्कीची सहल आखताना बहुतेक जण नकाशावर आधी आवडत्या डिस्टिलऱ्या टिपतात, त्या रेघेने जोडतात आणि मग उरलेल्या जागेत मुक्काम कोंबतात. मी ग्लासगोला राहतो, त्यामुळे पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या मित्रांचे असले कागद तपासायला माझ्याकडेच येतात. एकात तर पाच दिवसांत बारा डिस्टिलऱ्या होत्या आणि गाडी चालवणारा एकटाच. तो बिचारा पिणार कधी आणि चालवणार कधी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हिसा, विमान, लायसन्स तुम्ही बघून घ्यालच. भारतीय लायसन्सवर इथे साधी गाडी 12 महिन्यांपर्यंत चालवता येते आणि रस्ताही आपल्यासारखाच डावीकडचा. मी सांगतोय ते त्याच्या पुढचं.

1. महिना

मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर. उन्हाळ्यात बऱ्याच डिस्टिलऱ्या काही आठवडे डागडुजीसाठी भट्ट्या थंड ठेवतात. टूर चालू असते, पैसेही तेवढेच घेतात, पण आत उकळत काहीच नसतं. बुकिंग करण्याआधी 'त्या दिवशी उत्पादन चालू आहे का' एवढा एका ओळीचा मेल टाका.

2. भाग मोजकेच निवडा

आठ दिवस असतील तर स्पेसाइड (ईशान्येकडचं स्पे नदीचं खोरं) आणि स्काय बेट ही जोडी जमते. आयला बेट त्यात घुसडू नका. ग्लासगोहून केनाक्रेगच्या धक्क्यापर्यंतच तीन तास जातात, वाटेत ए83 रस्त्यावरच्या 'रेस्ट अँड बी थँकफुल' घाटात दरड आली तर आणखी. पुढे बोटीने दोन तासांच्या वर. बोटीत माणसाला जागा मिळते, गाडीला मिळतेच असं नाही. गाडीचं तिकीट काही महिने आधी काढावं लागतं. मेअखेरीस तिथे 'फेस इला' हा व्हिस्कीचा उत्सव असतो, तेव्हा तर विचारूच नका. आयलाला जायचं तर तीच एक सहल करा.

3. मुक्कामाची जागा आधी, डिस्टिलरी नंतर

'स्कॉटलंडमध्ये कुठेही तंबू ठोका, सगळं कायदेशीर आहे' हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि अडचणीत आणतो तो उरलेला अर्धा. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या, कुंपण नसलेल्या बहुतेक जमिनीवर जबाबदारीने तंबू लावायचा हक्क दिला आहे. पण हा हक्क पायी आलेल्या माणसाचा आहे, गाडीचा नाही. कॅम्परव्हॅन माळावर घालून झोपणं त्यात बसत नाही. शिवाय लॉक लोमंड आणि ट्रोसॅक्स राष्ट्रीय उद्यानातल्या ठरावीक पट्ट्यांत 1 मार्च ते 30 सप्टेंबर परवाना लागतो, तंबूलासुद्धा. ग्लासगोहून निघालेले लोक पहिल्याच रात्री नेमके तिथेच थांबतात.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला रीतसर कॅम्पसाइट घ्या. गरम पाण्याची अंघोळ, भांडी घासायला मोरी आणि गाडी उभी करायला हक्काची जागा मिळते. त्यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे येतंच आहे.

आणि मोटारहोम नको. साधी हॅचबॅक आणि डिकीत तंबू. एकेरी रस्त्यावर समोरून लाकडांचा ट्रक आला की माझं म्हणणं पटेल.

4. किल्ली आणि पेला

ही पायरी मला सगळ्यात जास्त जड गेली, आणि सल्ले देणारे नेमकी हीच 'जबाबदारीने प्या' म्हणून उरकतात. त्याने काही कळत नाही, म्हणून आकडे घेऊन बसू.

स्कॉटलंडमधली मर्यादा 5 डिसेंबर 2014 पासून 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. इंग्लंडमध्ये ती 80 आहे, त्यामुळे 'लंडनच्या मित्राने सांगितलं एक चालतं' हे सरहद्द ओलांडल्यावर विसरायचं. पकडले गेलात तर गाडी चालवायला किमान 12 महिने बंदी.

इथे हिशोब युनिटमध्ये करतात. 40 टक्क्यांची 25 मिली व्हिस्की म्हणजे 1 युनिट. आपला 60 मिलीचा लार्ज पेग, 42.8 टक्क्यांचा, झाला अडीच युनिटांच्या वर. म्हणजे 'दोनच पेग घेतले' म्हणणारा पाच युनिटांवर असतो. शरीर साधारण तासाला एक युनिट पचवतं, आणि काळी कॉफी, गार पाणी, लिंबू, चालणं यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही.

आता एक नेहमीचा दिवस मांडू. दुपारी टेस्टिंग: 20 मिलीचे पाच पेले, 46 टक्क्यांचे. झाले 4.6 युनिट. संध्याकाळी गावातल्या पबमध्ये 35 मिलीचे तीन, 43 टक्क्यांचे. झाले 4.5. एकूण नऊच्या वर. शेवटचा घोट रात्री 11 ला. मी नेहमी शेवटच्या घोटापासून मोजतो, म्हणजे हिशोब चुकला तरी सुरक्षित बाजूला चुकतो. त्याप्रमाणे सकाळचे आठ वाजून गेले, आणि वर जवळजवळ दोन तासांची मोकळीक. दहाच्या आधी किल्लीला हात नाही. आता पाहा, किती जणांच्या कागदावर दुसऱ्या दिवशी 'सकाळी 7 ला प्रस्थान' लिहिलेलं असतं! पिंपातून थेट भरलेली, 60 टक्क्यांची व्हिस्की चाखलीत तर 25 मिलीलाच दीड युनिट धरा.

याहून अवघड भाग पुढे आहे. ब्रिटनच्या 1988 च्या रस्ते वाहतूक कायद्यात दारू पिऊन गाडी चालवणं हा एकच गुन्हा नाही. मर्यादेच्या वर असताना रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी गाडी 'ताब्यात असणं' हाही गुन्हा आहे. डिस्टिलरीच्या बाहेर, रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये, खिशात किल्ली घेऊन गाडीतच झोपलात तर पोलिसाला प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. दारू उतरेपर्यंत गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती, असा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध तुम्हाला करायचाय. 'आम्ही कॅम्परव्हॅन घेतोय, मग पिऊन तिथेच झोपू' ही कल्पना म्हणूनच मला अजिबात पसंत नाही. कॅम्पसाइटवर पैसे भरून घेतलेली जागा, ठोकलेला तंबू, दुसऱ्या रात्रीचंही बुकिंग आणि किल्ली पिशवीच्या तळाशी, अशी मांडणी असेल तर निदान सांगायला काहीतरी असतं.

'एकाने प्यायचं नाही, तो ड्रायव्हर' हा तोडगा दोघांच्या सहलीत तिसऱ्या दिवशी भांडण लावतो. नवरा-बायको असोत की मित्र, एक जण खिडकीबाहेर बघत बसतो. त्याऐवजी दिवस वाटून घ्या: काही दिवस चालवायचे, काही प्यायचे. प्यायच्या दिवशी गाडी हलणारच नाही. चालवायच्या दिवशी टूर करा, वास घ्या, आणि तुमच्या वाटणीची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून मागा. 'ड्रायव्हर्स ड्रॅम' म्हटलं की बहुतेक ठिकाणी विनातक्रार देतात, फक्त ती तंबूत जाऊन उघडा.

मग प्यायच्या दिवसासाठी अशी जागा हवी की डिस्टिलरी पायी गाठता येईल. स्पेसाइडला ती सोय उत्तम आहे. ॲबरलावरच्या परिसरात तंबू टाका. गावातून स्पेसाइड वे ही पायवाट निघते, ती जुन्या रेल्वेमार्गावरून जाते म्हणून जवळजवळ सपाट. नदीकाठाने सुमारे दोन मैलांवर क्रेगेलाखी, जिथे टेलफर्ड या इंजिनिअरचा 1814 चा लोखंडी पूल आहे. तिथून वाटेचा एक फाटा फिडिक नदीच्या कडेने आणखी चारेक मैल जाऊन डफटाउनच्या जुन्या स्टेशनाशी संपतो, ग्लेनफिडिक आणि बॅल्व्हेनी या डिस्टिलऱ्यांच्या अगदी शेजारी. सकाळी चालत जा, दुपारी टूर करा, परत बसने या. बसचं वेळापत्रक आधी बघा, रविवारी फार भरवसा धरू नका.

स्कायवर ही सोय नाही. टॅलिस्कर डिस्टिलरी कारबोस्ट गावात, तंबूची चांगली जागा ग्लेनब्रिटलला समुद्रकाठी, आणि मध्ये मैलोन् मैल एकेरी रस्ता. म्हणून टॅलिस्करचा दिवस छोट्या बाटलीचा. आयलाला गेलात तर पुन्हा पाय कामाला येतात: पोर्ट एलनहून लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तिन्ही डिस्टिलऱ्यांना जोडणारी पायवाट तीनेक मैलांचीच आहे. आणि पोर्ट शार्लटच्या कॅम्पसाइटवरून ब्रुकलाडी डिस्टिलरीला किनाऱ्याने चालत जाता येते.

5. दिवसाला किती

एक. फार तर दोन, आणि दुसरी प्यायची नाही, बघायची. सगळीकडे तीच जव भिजवण्याची, दळण्याची, आंबवण्याची गोष्ट सांगतात. तिसऱ्या टूरला तुम्ही गाइडच्या आधी वाक्य पूर्ण कराल. म्हणून वेगवेगळ्या कारणांसाठी जा. ग्लेनफिडिक आकारासाठी. कार्डू गोष्टीसाठी: हेलन कमिंग ही बाई चोरून दारू गाळायची आणि जकातवाले आले की लाल निशाण लावून शेजाऱ्यांना सावध करायची, असं तिथे सांगतात. पुढे 1893 मध्ये ती डिस्टिलरी जॉनी वॉकरकडे गेली.

आंबवण्याच्या लाकडी टाकीचं झाकण उचलून गाइड वाकायला सांगतो. नाक हळू न्या. आधी पिकलेल्या केळ्यासारखा गोड वास येतो आणि पुढच्याच क्षणी कार्बन डायऑक्साइडचा असा झणका बसतो की डोळ्यांत पाणी येतं. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मागे राहा आणि गंमत बघा.

एक जागा मात्र कुठल्याही टूरपेक्षा वर ठेवीन: क्रेगेलाखीची स्पेसाइड कूपरेज, जिथे पिंपं दुरुस्त होतात. वरच्या गॅलरीतून दिसतं. कूपर, म्हणजे पिंपांचा कारागीर, पिंपाभोवती गोल फिरत लोखंडी पट्टा ठोकत नेतो, एक पाऊल एक घाव, बोलणं नाही की थांबणं नाही. स्कॉच कमीत कमी तीन वर्षं ओकच्या पिंपात राहावी लागते असा कायदाच आहे. चवीचा मोठा भाग त्या लाकडातून येतो, आणि ते लाकूड हाताळणारे हात इथे दिसतात. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात माल्ट मुरवणाऱ्यांचं नुकसान याच्या कितीतरी पट असतं.

6. रस्ता

एडिंबरोहून ए9 ने वर जा. डनब्लेन ते इन्व्हरनेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, तेव्हा कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारण्याची आपली युक्ती इथे चालत नाही. वाटेत डॅल्विनी डिस्टिलरी रस्त्यापासून जवळच आहे. ॲव्हिमोरजवळून ए95 धरा.

एकेरी रस्त्यांवर 'पासिंग प्लेस' असतात. जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा. उजवीकडे घुसू नका. मागे स्थानिक माणूस आला तर त्यालाही पुढे जाऊ द्या. तो कामावर चाललाय, तुम्ही फिरायला. तिथे गाडी लावून फोटो काढणं हा शुद्ध निर्लज्जपणा. टाकी अर्ध्यावर आली की भरा.

7. चिलटं

इथल्या चावऱ्या चिलटांना मिज म्हणतात. संध्याकाळ, पहाट, ओल आणि वारा पडलेला, एवढं जुळलं की तंबूचं दार काळं होतं. ताशी सातेक मैलांच्या वर वारा असला तर त्यांना उडता येत नाही, म्हणून झाडांच्या आडोशाची 'छान' जागा सोडा आणि उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी तंबू लावा. डोक्यावर घालायची जाळी पहिल्याच गावात घ्या. रात्री पायांवर गोचीड पाहा.

8. सामान

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, इथे घ्या. पोहे, मेतकूट आणि पिठल्याचं पीठ तेवढं घरून आणा. दुकानात दारू सकाळी 10 ते रात्री 10 एवढ्याच वेळात मिळते.

9. बाटल्या घरी नेताना

भारतात माणशी दोन लिटर बिनशुल्क. इथली बाटली 70 सेंटिलिटरची, म्हणजे तीन घेतल्या की 2.1 लिटर होतात आणि मुंबईच्या कस्टमसमोर त्या शंभर मिलीसाठी वाद घालत उभं राहावं लागतं. म्हणून दोन मोठ्या घ्या आणि उरलेल्या 600 मिलीत छोट्या बाटल्या बसवा. मोठ्या घेताना मुंबईच्या विमानतळावरही मिळणारी व्हिस्की इथून वाहून नेऊ नका. काही डिस्टिलऱ्यांत पिंपातून स्वतःच्या हाताने भरून घेता येते, ती घ्या. मोज्यात गुंडाळा आणि चेक-इनच्या बॅगेत मधोमध ठेवा, कडेला नाही.